संसदेपुढील विधेयके : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या हिवाळी अधिवेशनानंतर या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे दोन घटनादुरुस्ती विधेयकांविषयी आहेत. पहिले १२९ वे घटनादुरुस्ती विधेयक, २०२४. लोकसभा आणि सर्व विधानसभांच्या निवडणुका एकाच वेळी घ्याव्यात, अशी तरतूद त्यात आहे. दुसरे १३० वे घटनादुरुस्ती विधेयक, २०२५. गंभीर गुन्ह्याच्या आरोपावरून सलग तीस दिवस कोठडीत राहिलेले पंतप्रधान, मुख्यमंत्री किंवा मंत्री पदावर राहू नयेत, असे ते सांगते. हे सदर छपाईला जाताना, म्हणजे २०२६ च्या आरंभी, दोन्ही विधेयके संयुक्त संसदीय समित्यांपुढे आहेत. पुढील अधिवेशनांत ही स्थिती बदलू शकते, याची जाणीव ठेवून उत्तरे वाचावीत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मंत्री तीस दिवस तुरुंगात राहिला तर त्याचे पद जाते, असा कायदा संसदेने केल्याची बातमी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात फिरत आहे. कायदा झाला असेल तर त्याची अंमलबजावणी कधीपासून? (एक वाचक, सांगली)

कायदा झालेला नाही. गृहमंत्री अमित शाह यांनी २० ऑगस्ट २०२५ रोजी हे विधेयक लोकसभेत मांडले आणि त्याच दिवशी ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवण्याचा ठराव झाला. विधेयक 'मांडले' याचा अर्थ सरकारने आपला मसुदा सभागृहासमोर ठेवला, एवढाच होतो. त्यानंतर समितीचा अहवाल, सभागृहातील सर्वसाधारण चर्चा, एकेका खंडावरील विचार आणि मतदान, मग संपूर्ण विधेयकावरील मतदान, पुन्हा दुसऱ्या सभागृहात हाच सारा क्रम आणि शेवटी राष्ट्रपतींची संमती, एवढे टप्पे शिल्लक राहतात. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर मसुदा बदलू शकतो, अडू शकतो किंवा सरकार तो मागे घेऊ शकते.

शिवाय हे साधे विधेयक नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३६८ प्रमाणे घटनादुरुस्तीला प्रत्येक सभागृहात स्वतंत्रपणे दुहेरी कसोटी लावली जाते: एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक मते आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश मते. लोकसभेच्या ५४३ जागा भरलेल्या असतील आणि सर्व सदस्यांनी मतदान केले, तर ३६२ मते लागतात. साध्या विधेयकावर दोन सभागृहांत मतभेद झाला तर अनुच्छेद १०८ खाली संयुक्त बैठक बोलावता येते आणि १९६१, १९७८ व २००२ साली तशा बैठका झाल्याही आहेत. घटनादुरुस्तीसाठी मात्र तो मार्ग उपलब्ध नाही. १७ डिसेंबर २०२४ रोजी एकत्र निवडणुकांचे विधेयक मांडण्याच्या परवानगीवर लोकसभेत मतविभागणी झाली, तेव्हा बाजूने २६९ आणि विरोधात १९८ मते पडली. मांडण्यापुरते साधे बहुमत पुरते, म्हणून ते मांडले गेले. तेच ४६७ सदस्य अंतिम मतदानाला उपस्थित असते, तर ३१२ मतांची गरज लागली असती. तेव्हा अशा बातम्या वाचताना विधेयक मांडले गेले, एका सभागृहात संमत झाले, की राष्ट्रपतींच्या संमतीनंतर राजपत्रात अधिनियम म्हणून प्रसिद्ध झाले, हे आधी पाहावे.

प्रश्न : मी राज्य सरकारच्या सेवेतून निवृत्त झालो आहे. आमच्यापैकी कोणी अट्ठेचाळीस तास कोठडीत राहिला की निलंबन ठरलेले असे. मग मंत्र्यांना तीस दिवसांची सवलत तरी कशाला? या विधेयकाला विरोध करणाऱ्यांची बाजू मला समजत नाही. (एक निवृत्त कर्मचारी, अमरावती)

आपला प्रश्न रास्त आहे आणि अनेकांच्या मनात तो आहे. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीही ऑगस्ट २०२५ मध्ये बिहारमधील सभेत सरकारी कर्मचाऱ्याशी हीच तुलना केली होती. विरोधी बाजू समजण्यासाठी आधी दोन्ही तरतुदी नेमके काय सांगतात, ते पाहू.

महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधील नियम ४ नुसार अट्ठेचाळीस तासांहून अधिक काळ कोठडीत राहिलेल्या कर्मचाऱ्याचे मानीव निलंबन होते, म्हणजे तो निलंबित झाला असे मानले जाते. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९६५ च्या नियमांत तशीच तरतूद आहे. परंतु निलंबनाने नोकरी जात नाही. कर्मचाऱ्याला निर्वाह भत्ता मिळतो, निलंबनाचा आढावा घेतला जातो, आणि तो निर्दोष ठरला तर सेवेत परत येऊन मधल्या काळाच्या वेतनाचा हक्क मागू शकतो. १३० व्या दुरुस्तीत मंत्र्याचे निलंबन नाही, पदच संपते. ज्या गुन्ह्याला पाच वर्षे किंवा त्याहून अधिक कैदेची शिक्षा होऊ शकते, अशा गुन्ह्याच्या आरोपावरून मंत्री सलग तीस दिवस कोठडीत राहिला, तर एकतिसाव्या दिवसापर्यंत पंतप्रधानांच्या किंवा मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने त्याला पदावरून दूर करायचे आहे. तसा सल्ला दिला गेला नाही, तर त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो आपोआप मंत्री राहत नाही. स्वतः पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री कोठडीत असतील, तर त्यांनी एकतिसाव्या दिवसापर्यंत राजीनामा द्यायचा आहे, अन्यथा त्यांचेही पद जाते. कोठडीतून सुटल्यावर पुन्हा नियुक्ती होऊ शकते, असे विधेयकात म्हटले आहे. मात्र मुख्यमंत्र्याचे पद गेले की त्याचे मंत्रिमंडळही जाते, आणि त्यानंतर कोणाचे सरकार येईल हे त्या वेळच्या राजकारणावर अवलंबून राहील. एका कर्मचाऱ्याच्या निलंबनाने संपूर्ण कार्यालय बरखास्त होत नसते.

आता त्या तीस दिवसांविषयी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ प्रमाणे, आरोपी कोठडीत असताना दोषारोपपत्र दाखल करायला तपास यंत्रणेला गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार साठ किंवा नव्वद दिवस मिळतात. त्या मुदतीत ते आले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क प्राप्त होतो. म्हणजे मंत्र्याविरुद्ध पुरावा काय आहे हे न्यायालयात लेखी सांगण्याचे बंधन तपास यंत्रणेवर येण्याच्या आधीच मंत्र्याचे पद गेलेले असेल. आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्यातील कलम ४५ सारख्या तरतुदींत आरोपी दोषी नसल्याचे सकृद्दर्शनी दिसते, असे न्यायालयाचे समाधान झाल्याशिवाय जामीन देता येत नाही, आणि तसे समाधान पहिल्या महिन्याभरात होणे फार कठीण असते. सत्र न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत अर्ज फिरण्यातच त्याहून अधिक दिवस जातात.

याच्या विरुद्ध बाजूही तितकीच खरी आहे. दिल्लीचे तत्कालीन मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांना २१ मार्च २०२४ रोजी अटक झाली. त्यांनी राजीनामा दिला तो सप्टेंबर २०२४ मध्ये, जामीन मिळाल्यानंतर. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने नवाब मलिक यांना अटक केली, तेव्हा त्यांची खाती दुसऱ्यांकडे गेली, पण त्या सरकारचा जूनमध्ये शेवट होईपर्यंत ते बिनखात्याचे मंत्री राहिले. मंत्र्याने तुरुंगातून कारभार करणे ज्या नागरिकाला अशोभनीय वाटते, त्याची भावना मी चुकीची मानत नाही. आजच्या कायद्याने, म्हणजे लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम ८ ने, अपात्रता येते ती दोषसिद्धीनंतर, आणि आपल्याकडे दोषसिद्धीला लागणारा काळ सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा दोषसिद्धीपूर्वीचा एखादा टप्पा ठरवावा, इथवर सहमत होता येते. तो टप्पा कोणता, एवढाच वाद उरतो.

माझ्या मते तो टप्पा न्यायालयाने आरोप निश्चित करण्याचा असावा. विधी आयोगाने २०१४ च्या आपल्या २४४ व्या अहवालात, पाच वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत आरोप निश्चित झाल्यावर अपात्रता यावी, अशी शिफारस केलेली आहे. आरोप निश्चित करताना न्यायाधीश दोन्ही बाजू ऐकतात आणि सकृद्दर्शनी प्रकरण आहे की नाही, हे लेखी आदेशाने ठरवतात. अटकेचा निर्णय मात्र तपास अधिकारी घेतो आणि तो अधिकारी ज्या सरकारच्या हाताखाली असतो, त्या सरकारचा आरोपी मंत्र्याशी राजकीय संबंध असू शकतो. आज केंद्रात एका पक्षाचे आणि राज्यात दुसऱ्या पक्षाचे सरकार असेल, तर उद्या ते उलटेही होईल. या विधेयकाचे समर्थन किंवा विरोध करताना आपल्या आवडीच्या पक्षाचा मुख्यमंत्री डोळ्यांसमोर आणून हा मजकूर एकदा वाचून पाहावा, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : एकत्र निवडणुका सुरू झाल्या तर गोव्याच्या विधानसभेची मुदत कमी होईल, असे ऐकले. पाच वर्षांसाठी निवडलेली विधानसभा मध्येच बरखास्त करता येते का? (एक वाचक, फोंडा)

आधीच निवडून आलेली विधानसभा हे विधेयक बरखास्त करत नाही. त्यानंतर निवडून येणाऱ्या विधानसभेची मुदत ते आखूड करते. त्याची रचना अशी आहे: संविधानात नवा अनुच्छेद ८२क घालायचा, लोकसभेच्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर भरणाऱ्या पहिल्या बैठकीच्या दिवशी राष्ट्रपतींनी अधिसूचना काढायची, तो दिवस 'नियत दिनांक' ठरेल, आणि त्या दिवसानंतर ज्या विधानसभा निवडून येतील, त्या सर्वांची मुदत त्या लोकसभेबरोबरच संपेल, मग त्यांची पाच वर्षे पूर्ण झालेली असोत वा नसोत.

विधेयकात कोणतेही साल लिहिलेले नाही. समजा ते संमत झाले, २०२९ च्या निवडणुकीनंतर अधिसूचना निघाली आणि मध्ये कोठेही विधानसभा लवकर विसर्जित झाली नाही, तर हिशेब असा होतो. गोव्यात २०२२ नंतर २०२७ मध्ये निवडणूक होईल आणि ती विधानसभा २०३२ पर्यंत चालेल; २०३२ मध्ये निवडलेली विधानसभा मात्र २०३४ मध्ये लोकसभेबरोबर संपेल, म्हणजे तिला जेमतेम दोन वर्षे मिळतील. कर्नाटकात, बेळगावच्या वाचकांनी लक्षात घ्यावे, २०३३ मध्ये निवडलेल्या विधानसभेला सुमारे एकच वर्ष मिळेल. महाराष्ट्राची गोष्ट सर्वांत सोपी आहे. आपली विधानसभा नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडली गेली, ती २०२९ च्या नोव्हेंबरपर्यंत राहील आणि पुढच्या विधानसभेची मुदत साधारण सहा महिन्यांनी कमी होईल. महाराष्ट्राने लोकसभा आणि विधानसभेसाठी यापूर्वी एकत्र मतदान केले ते १९९९ साली, हे तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. देशपातळीवर १९५१-५२ ते १९६७ या काळात दोन्ही निवडणुका बहुतांशी बरोबरच होत असत. राज्य सरकारे अकाली कोसळू लागली आणि १९७० मध्ये लोकसभाही मुदतीपूर्वी विसर्जित झाली, तेव्हा तो मेळ तुटला.

मुदत एकदा आखूड होऊन प्रश्न संपला असता, तर मी एवढी काळजी केली नसती. अधिक महत्त्वाची तरतूद पुढची आहे: लोकसभा किंवा विधानसभा मुदतीपूर्वी विसर्जित झाली, तर नवी निवडणूक होईल ती पाच वर्षांपैकी उरलेल्या काळापुरतीच. तीन वर्षांनी सरकार पडले, तर नव्या सभागृहाला दोन वर्षे मिळतील आणि त्यानंतर पुन्हा मतदान होईल. म्हणजे वारंवार होणाऱ्या निवडणुका टाळण्यासाठी आणलेल्या तरतुदीने, अस्थिर राज्यांत तरी, निवडणुकांची संख्या वाढू शकते, आणि अल्प मुदतीच्या सरकारकडून धरणे, रेल्वे किंवा शिक्षण यांसारख्या दीर्घ पल्ल्याच्या कामांत कोणी हात घालील, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. आचारसंहितेमुळे कामे खोळंबतात, शिक्षक आणि महसूल कर्मचारी महिनोन्‌महिने निवडणुकीच्या कामाला जुंपले जातात, या समर्थकांच्या तक्रारी खऱ्या आहेत. पण त्यांपैकी काहींवर निवडणुकीचे टप्पे कमी करणे हा बराच सोपा उपाय आहे.

दुसरी काळजी निवडणूक आयोगाला दिलेल्या अधिकाराची. एखाद्या राज्यात लोकसभेबरोबर निवडणूक घेता येणार नाही, असे आयोगाचे मत झाले, तर तो ती पुढे ढकलण्याची शिफारस राष्ट्रपतींना करू शकतो. ती कोणत्या कारणांनी ढकलावी आणि किती काळ ढकलावी, यांपैकी काहीही मसुद्यात नाही. माजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी समितीपुढे या अधिकाराविषयी शंका मांडल्याचे वृत्तपत्रांतून आले होते. एवढा मोठा अधिकार निकषांशिवाय देऊ नये, असे मलाही वाटते, आणि सरकारने तो खंड दुरुस्त केला तर विधेयकाच्या समर्थकांचेही काही बिघडणार नाही.

राज्यांची संमती लागेल का, असेही याच पत्रात विचारले आहे. अनुच्छेद ३६८(२) मध्ये ज्या तरतुदी बदलताना निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांचा दुजोरा लागतो, त्यांची यादी आहे. या विधेयकाने बदलणारे अनुच्छेद ८३, १७२ आणि ३२७ त्या यादीत नाहीत, म्हणून दुजोऱ्याची गरज नाही, असे एकत्र निवडणुकांचा विचार करणाऱ्या, माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या समितीने मार्च २०२४ च्या अहवालात म्हटले होते. विधानसभेच्या मुदतीला हात घालणे म्हणजे संघराज्याच्या मूलभूत चौकटीला हात घालणे, असे टीकाकार मानतात. विधेयक संमत झाले तर हा वाद सर्वोच्च न्यायालयात जाईल, यात मला शंका नाही.

प्रश्न : जिल्हा परिषदा आणि महापालिकाही यात येतात का? (जिल्हा परिषदेचे एक माजी सदस्य, सोलापूर)

येत नाहीत. लोकसभा-विधानसभेनंतर शंभर दिवसांच्या आत स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घ्याव्यात, ही कोविंद समितीची शिफारस होती. परंतु त्यासाठी राज्यांचा दुजोरा लागला असता आणि सरकारने तो भाग या विधेयकात घेतला नाही. आपल्या राज्यात मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळपास चार वर्षे प्रशासकाची होती, आणि बऱ्याच जिल्हा परिषदांचे व पंचायत समित्यांचे हाल याहून वेगळे नव्हते. निवडणुका वेळेवर घेण्याची हमी हा ज्यांच्या आस्थेचा विषय आहे, त्यांनी महाराष्ट्रातील या अनुभवाकडे समितीचे लक्ष वेधायला हरकत नाही.

प्रश्न : विधेयक संसदेत किती वर्षे पडून राहू शकते? महिला आरक्षणाला सत्तावीस वर्षे लागली, ती का? (एक प्राध्यापिका, नागपूर)

राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही आणि लोकसभा होते, या फरकात उत्तर दडलेले आहे. अनुच्छेद १०७ नुसार लोकसभा विसर्जित झाली की तेथे प्रलंबित असलेले विधेयक व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते, मग ते तेथेच मांडलेले असो किंवा राज्यसभेने संमत करून तिकडे पाठवलेले असो. राज्यसभेत मांडलेले आणि लोकसभेकडे अद्याप न गेलेले विधेयक तेवढे जिवंत राहते. महिला आरक्षणाचे विधेयक प्रथम १९९६ मध्ये आले आणि लोकसभा विसर्जित होताच संपले. पुढे १९९८ आणि १९९९ च्या विधेयकांचेही तेच झाले. म्हणून २००८ मध्ये ते राज्यसभेत मांडण्यात आले, ९ मार्च २०१० रोजी तेथे संमतही झाले, पण लोकसभेने ते विचारात घेतले नाही आणि २०१४ मध्ये पंधराव्या लोकसभेबरोबर तेही गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये नव्याने विधेयक येऊन लोकसभेत ४५४ विरुद्ध २ आणि राज्यसभेत २१४ विरुद्ध ० मतांनी संमत झाले. मात्र त्याची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी जोडलेली आहे.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण हवे असेल, तर दोनपेक्षा अधिक अपत्ये असलेल्यांना संसद व विधानमंडळाच्या सदस्यत्वासाठी अपात्र ठरवणारे ७९ वे घटनादुरुस्ती विधेयक १९९२ मध्ये राज्यसभेत मांडले गेले आणि तेथेच तीन दशकांहून अधिक काळ पडून राहिले. महाराष्ट्रातील सरपंचांना आणि पंचायत सदस्यांना लागू असलेली दोन अपत्यांची अट खासदारांना का नाही, असे गावोगावी विचारले जाते. त्या प्रश्नाचे उत्तर या विधेयकापाशी येऊन थांबते.

प्रश्न : कार्यालयीन वेळेनंतर साहेबांचा फोन न घेण्याचा हक्क देणारे विधेयक लोकसभेत मांडले गेल्याचे वाचले. ते संमत होईल का? (माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील एक कर्मचारी, पुणे)

ते बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांचे खासगी, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक आहे. डिसेंबर २०२५ मध्ये ते लोकसभेत मांडले गेले आणि यापूर्वीही त्यांनी याच विषयावर विधेयक मांडले होते. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी चौदाच विधेयके दोन्ही सभागृहांत संमत होऊन कायदा बनली आहेत आणि त्यांतले शेवटचे १९७० चे आहे. तेव्हा या विधेयकाच्या बळावर आपण फोन बंद ठेवू नये. तरीही अशा विधेयकांचा उपयोग होतो. तिरुची शिवा यांचे तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचे विधेयक २०१५ मध्ये राज्यसभेने संमत केले, ते लोकसभेत पुढे गेले नाही, पण त्यानंतर सरकारला स्वतःचे विधेयक आणावे लागले आणि २०१९ मध्ये कायदा झाला. कामाच्या वेळेचा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर नोंदवला गेला आहे; आता कामगार मंत्रालयाकडे संघटितपणे मागणी करणे हा पुढचा मार्ग आहे.

प्रश्न : खासदार पक्षादेशाप्रमाणेच मत देणार असतील, तर त्यांना पत्र लिहून काय साधणार? (एक वाचक, ठाणे)

सभागृहातील मतदानापुरते आपले म्हणणे बरोबर आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीमुळे पक्षादेश मोडणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाऊ शकते. समितीच्या बैठकीला मात्र पक्षादेश लागू होत नाही, तेथे कॅमेरे नसतात, आणि सदस्याला अधिकाऱ्यांना खोलात जाऊन प्रश्न विचारता येतात. पटले नाही तर भिन्नमतपत्रिका जोडता येते. म्हणून पत्र लिहायचे ते समितीत असलेल्या सदस्याला, आणि विधेयक समितीत असतानाच. एकत्र निवडणुकांच्या समितीत महाराष्ट्रातून सुप्रिया सुळे, श्रीकांत शिंदे आणि अनिल देसाई हे खासदार आहेत. अध्यक्ष राजस्थानचे पी. पी. चौधरी आहेत. तीस दिवसांच्या विधेयकाच्या समितीचे अध्यक्षपद ओडिशाच्या अपराजिता सारंगी यांच्याकडे आहे. त्या समितीवर बहुतेक विरोधी पक्षांनी बहिष्कार घातला असला, तरी सुप्रिया सुळे तिच्यातही आहेत. माझ्या मते हा बहिष्कार चुकीचा आहे, कारण ज्या पक्षांचे आक्षेप सर्वांत तीव्र आहेत, त्यांचेच प्रश्न आता समितीच्या कागदपत्रांत येणार नाहीत.

प्रश्न : सामान्य माणसाने समितीकडे सूचना पाठवावी, असे आपण या सदरात वारंवार लिहिता. ती कोणी वाचते का? आणि मराठीत पाठवली तर चालते का? (एक शिक्षिका, लातूर)

वाचली जाते, आणि तिच्यामुळे मजकूर बदलतो, याचे ताजे उदाहरण देते. प्राप्तिकर विधेयक फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडले गेले, तेव्हा त्यात अशी तरतूद होती की मुदतीनंतर विवरणपत्र भरणाऱ्याला जादा कापलेल्या कराचा परतावा मागता येणार नाही. ज्यांना एरवी विवरणपत्र भरावेच लागत नाही, पण ठेवीच्या व्याजावर कर कापला गेलेला असतो, अशा कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठ नागरिकांना ती फार जाचक ठरली असती. बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालील प्रवर समितीपुढे हा मुद्दा आला, समितीने ती अट काढण्याची शिफारस केली, सरकारने मूळ विधेयक मागे घेऊन ऑगस्टमध्ये नवे मांडले आणि त्यात ही अट नाही. पक्षीय राजकारणाचा त्यात संबंध नव्हता. एका खंडाचा परिणाम नेमका कोणावर होतो, हे कोणीतरी वेळेत दाखवून दिले.

दुःख याचे आहे की असा विचार होण्याची संधीच कमी होत गेली आहे. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आले. त्यामुळे एखादे विधेयक समितीकडे गेले आहे असे दिसले की ती संधी वाया घालवू नये, असे मी आग्रहाने सांगते.

भाषेच्या बाबतीत मला खेदाने नाही म्हणावे लागते. समित्यांच्या जाहिराती सहसा इंग्रजीत किंवा हिंदीत निवेदन मागतात आणि मुदत बहुधा दोन आठवड्यांच्या आसपास असते. खासदाराला अनुच्छेद १२० खाली सभागृहात मातृभाषेत बोलता येते, पण त्याला निवडून देणाऱ्या मतदाराला त्याच संसदेच्या समितीशी मातृभाषेत बोलता येत नाही. महाराष्ट्र विधानमंडळाच्या संयुक्त चिकित्सा समितीकडे जनसुरक्षा विधेयकावर बारा हजारांहून अधिक सूचना आल्या, आणि आधी व्यक्ती व संघटना असा सरसकट असलेला त्याचा रोख कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटनांपुरता करण्यात आला; तेथे मराठीत लिहिण्याची मोकळीक होती, याचा या प्रतिसादाशी संबंध आहे, असे मला वाटते. आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत निवेदने स्वीकारून त्यांचे भाषांतर सचिवालयाने करून घ्यावे, अशी मागणी आपल्या खासदारांनी करायला हवी. तोवर मूळ निवेदन मराठीत लिहावे आणि सोबत हिंदी भाषांतर जोडावे. शाळेतील हिंदीच्या सहकाऱ्याची मदत घेतली, तर हे काम एका दिवसात होते.

लिहिताना विधेयकाचा मूळ मसुदा समोर ठेवावा. तो संसदेच्या संकेतस्थळावर मिळतो आणि शेवटी जोडलेले उद्देश व कारणांचे निवेदन सर्वांत आधी वाचावे, म्हणजे सरकारला काय साधायचे आहे ते कळते. मग ज्या खंडाविषयी बोलायचे, त्याचा क्रमांक, त्यातील खटकणारे शब्द, त्यांचा आपल्या परिसरात होणारा परिणाम आणि त्याऐवजी कोणते शब्द असावेत, एवढे दोन पानांत मांडावे. फिरत आलेला तयार मजकूर सही करून पाठवू नये. वक्फ विधेयकाच्या समितीकडे ९७ लाखांहून अधिक निवेदने आली होती. एवढ्या ढिगाऱ्यात एकसारखी पत्रे केवळ मोजली जातात, आणि नवा मुद्दा असलेले पत्र बाजूला काढले जाण्याची शक्यता अधिक असते. समक्ष म्हणणे मांडायचे असेल, तर तशी इच्छा निवेदनातच नोंदवावी. बोलावणे हा समितीचा अधिकार आहे.

एक खबरदारी घ्यावी. पाठवलेले निवेदन समितीच्या अभिलेखाचा भाग बनते आणि ते गोपनीय मानले जाते, असे जाहिरातीतच लिहिलेले असते. म्हणून तेच निवेदन नंतर वृत्तपत्रात किंवा समाजमाध्यमांवर प्रसिद्ध करू नये. जाहीरपणे लिहायचे असेल तर स्वतंत्र लेख लिहावा. निवेदनाच्या प्रती दोन मागितलेल्या असतात, त्या टपालाने पाठवून शिवाय ईमेलही करावा आणि टपालाची पोच जपून ठेवावी.